श्रींची भेट आणि केळीचे सोपट

(श्रींच्या वार्षिक उत्सवात सभामंडपात महाजनांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नव्हे. आयुष्य कचेरीत टिपणे लिहिण्यात आणि पत्रांवर जावक क्रमांक घालण्यात गेले. उत्सवानिमित्त चार शब्द बोलावेत असे समितीने सुचविले, तेव्हा एखादे आख्यान निवडावे असे प्रथम मनात आले. परंतु ते सांगणारे अधिकारी पुरुष आपल्यात आहेत आणि त्यांच्यासमोर माझी जीभ चालणार नाही. म्हणून माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीविषयी आणि ती काही अंशी निस्तरता येईल अशा एका उपायाविषयी बोलण्याची अनुज्ञा घेतो. विषय ऐकावयास किरकोळ वाटेल. उत्सवप्रसंगी आपण पाहुण्यांना, सेवेकऱ्यांना आणि देणगीदारांना ज्या भेटवस्तू देतो, त्यांचा हा विषय आहे.

गेल्या वैशाखात देवस्थानच्या तळीचा गाळ उपसला, तो आपणांपैकी अनेकांनी पाहिला आहे. काहींनी तर कमरेइतक्या चिखलात उभे राहून टोपल्या भरून दिल्या. नारळाच्या शेंड्या, निर्माल्याच्या पिशव्या, फुटक्या तसबिरींच्या काचा निघाल्या, त्यात नवल असे काही नव्हते. परंतु ईशान्येकडील पायऱ्यांच्या कोपऱ्यात गाळाखालून एकापाठोपाठ एक चौकोनी पट्ट्या बाहेर येऊ लागल्या. धुऊन पाहिल्या, तर ती आपल्याच देवस्थानची स्मृतिचिन्हे. ॲक्रिलिकची, वर श्रींचे चित्र, खाली सोनेरी अक्षरांत उत्सवाचे वर्ष. अक्षर न् अक्षर वाचता येत होते. मी मोजली, सतरा भरली.

ती खरेदी ज्या टिपणावरून मंजूर झाली, ते टिपण माझ्या हस्ताक्षरात समितीच्या दप्तरात आहे. तीन दरपत्रके मागवून मी शिफारस केली होती, 'वस्तू स्वस्त, आकर्षक व टिकाऊ आहे'. त्यांतील टिकाऊ हा शब्द पुरेपूर खरा ठरला.

ती तळीत कशी आली, याचा मी पुष्कळ विचार केला. कोणी खोडसाळपणे टाकली असे मला मुळीच वाटत नाही. घरातील काचेचे कपाट भरते, मुले नव्या सदनिकेत राहावयास जातात, भिंतीवर जागा उरत नाही. अशा वेळी साधी वस्तू असती तर भंगारवाल्याला दिली असती. परंतु तिच्यावर श्रींचे चित्र आहे; ती केराच्या डब्यात टाकण्यास कोणाचाही हात धजत नाही. मग एखाद्या सोमवारी देवदर्शनास येताना ती पिशवीतून आणावयाची, हात जोडावयाचे आणि तळीत सोडावयाची. तळीत ती आली ती श्रद्धेनेच आली. याचा अर्थ असा, की जी वस्तू कुजत नाही तिच्यावर देवाचे चित्र छापून आपण ती तळीच्या वाटेला लावून दिली होती. कायद्यानेही येथे आपली सुटका होत नाही. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, तीत मिठाईच्या डब्यांवरील आणि निमंत्रणपत्रिकांवरील पातळ वेष्टनसुद्धा आहे. स्मृतिचिन्ह मात्र त्या यादीत नाही. ते आपल्यालाच आपल्या यादीतून काढावे लागेल.

त्याच्या जागी काय द्यावे, हा प्रश्न घेऊन मी काही महिने हिंडत होतो. उत्तराचा एक तुकडा फार दूर, मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूर येथे सापडला. तेथे माझी भाची दिली आहे.

गोव्याहून दिल्लीकडे जाणारी गाडी भुसावळ सोडून खांडव्याकडे निघाली, की वाटेत बुऱ्हाणपूर लागते. तापीच्या काठचे, खानदेशाला लागून असलेले हे शहर; बाजारात मराठी सहज ऐकू येते. मराठी वाचकाला हे नाव इतिहासामुळे परिचित असते. १६८१ च्या आरंभी, छत्रपती संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, हंबीरराव मोहित्यांनी ज्या मोगली शहरावर धाड घातली, ते हेच. मुमताजमहल १६३१ मध्ये येथेच वारली. तलम वस्त्रांसाठी हे गाव इतके प्रसिद्ध होते, की येथील मलमल इराण आणि तुर्कस्थानापर्यंत जात असल्याचे फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने नोंदविले आहे.

आपल्या विषयाशी मात्र या शहराचा संबंध १६१५ या सालाने येतो. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो येथे शहजादा परवेझ याला भेटला आणि नजराणे दिले. त्यांत मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. शहजाद्याने ती लगेच उघडविली आणि ठरलेली खासगी मुलाखत त्यामुळे होऊ शकली नाही, असे रो याने स्वतःच रोजनिशीत लिहून ठेवले आहे. भेटवस्तूची निवड चुकली की काय होते, याचा इतका रोकडा दाखला दुसरा मला ठाऊक नाही.

त्याच वर्षाची दुसरी भेट निराळी आहे. दोह्यांमुळे आपण ज्यांना रहीम म्हणून ओळखतो, ते अब्दुर्रहीम खानखाना दीर्घकाळ बुऱ्हाणपुरात होते. त्यांच्या आश्रयाने इराणी भूजलवेत्ता तबकुतुल अर्ज याने शहराला पाणी पुरविण्याची एक विलक्षण योजना १६१५ च्या सुमारास उभी केली. सातपुड्याच्या उतारावर पडणारा पाऊस जमिनीत मुरून तापीकडे सरकतो. त्याला वाटेत भुयाराने अडवावयाचे आणि केवळ उताराच्या बळावर शहरात आणावयाचे, अशी ती युक्ती. वरून पाहावे तर माळावर ठराविक अंतराने एका रांगेत विहिरींची तोंडे दिसतात. अशा कुंड्या शंभराहून अधिक आहेत आणि खाली भुयाराने त्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत. ना मोट, ना रहाट. यालाच कुंडी भंडारा म्हणतात. खूनी भंडारा या नावानेही तो ओळखला जातो, आणि २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचा समावेश झाला. दान देताना रहीम नजर खाली ठेवीत, देणारा कोणी दुसराच असून लोक आपल्याला दाता समजतात याची त्यांना लाज वाटे, अशी आख्यायिका उत्तरेत घरोघरी सांगतात. ती खरी असो वा नसो, चारशे वर्षांपूर्वी दिलेल्या या पाण्यावर त्यांचे चित्र छापलेले नाही एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

लिफ्टने खाली उतरलो तेव्हा पाणी गारढोण होते. पण भुयाराच्या भिंतींवर चुन्याचे जाड थर साचले आहेत आणि पूर्वीइतके पाणी आता येत नाही. ज्या डोंगरात पाणी मुरावयाचे, त्या डोंगरावरील झाडोरा विरळ झाला आहे. भोवतालच्या शिवारात विहिरी आणि कूपनलिका वाढल्या आहेत. २०२२-२३ मध्ये नेपानगरच्या बाजूस जंगलात मोठी अवैध वृक्षतोड झाली. तिच्याविरुद्ध तेथील आदिवासी ग्रामस्थच रस्त्यावर आले होते. नेपानगर हे नाव आपल्यातील वृद्धांना आठवत असेल. पंडित नेहरूंनी १९५६ मध्ये ज्याचे उद्घाटन केले, तो वृत्तपत्री कागदाचा कारखाना तेथला. सुरुवातीस त्याला सलई आणि बांबू लागे. म्हणजे त्या जंगलाचा थोडा अंश एके काळी सकाळच्या चहाबरोबर कित्येक मराठी घरांत येत होता.

आणि केळी. जिल्ह्याची मोठी संपत्ती आज केळी हीच आहे. 'एक जिल्हा, एक उत्पादन' या योजनेत बुऱ्हाणपूरच्या नावापुढे केळीच लिहिलेली आहे. केळी पैसा देते आणि पाणी पिते, दोन्ही भरपूर. ज्या शहराने जमिनीखालचे पाणी इतक्या कुशलतेने वापरले, त्याच्याच वेशीवर जमिनीखालचे पाणी उपसून हे पीक उभे राहते, ही गोष्ट मला दिवसभर खटकत राहिली. परंतु शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे आणि मी तर केवळ चार दिवसांचा पाहुणा होतो.

केळ एकदाच विते, हे कुळागरवाल्या महाजनांना सांगावयास नको. घड कापला की खोडाचे काम संपले. पुढे त्याची पिले वाढतात. आपल्या कुळागरात दहा-वीस खोडे असतात, ती पोफळीच्या बुंध्याशी कुजतात आणि खत होते. तेथे एकेका एकरात दीड हजारावर खोडे एकाच हंगामात आडवी होतात. ती शेतात तशीच ठेवली तर सोंडकिडा माजतो, म्हणून शेतकरी ट्रॉली भरून बांधावर, रस्त्याकडेला, नाल्यात टाकतो किंवा वाळवून पेटवितो. नाले तुंबलेले मी स्वतः पाहिले. भाची म्हणाली, "मामा, पावसाळ्यात या वासाने खिडकी उघडवत नाही."

याच खोडांपासून तेथील खेड्यांतल्या बचतगटांच्या स्त्रिया धागा काढतात. खोडाची सोपटे एकेक सुटी करावयाची, यंत्राच्या फिरत्या पात्यावर धरून गर खरवडून टाकावयाचा, उरलेले तंतू धुऊन दोरीवर वाळत घालावयाचे. वाळल्यावर त्यांना फिक्या सोन्याचा रंग येतो. मग त्यांच्या वेण्या घालून टोप्या, चटया, पिशव्या, परड्या, भिंतीवर लावावयाच्या वेली-फुले असे कितीतरी जिन्नस होतात. आकार बहुधा समोर दिसणाऱ्या वस्तूंचेच असतात, केळफूल, पान, चिमणीचे घरटे. नक्षीचे कागद कोणाजवळही दिसले नाहीत. खरवडलेला गर खताच्या खड्ड्यात जातो, आणि खोडाच्या रसापासून द्रवरूप सेंद्रिय खत बनविण्याची पद्धत नवसारीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली आहे. जगात हे अगदीच नवे नाही. जहाजावरचा मनिला दोर ज्या अबाका नावाच्या झाडाचा होतो, ती फिलिपिन्सची केळच आहे. जपानच्या ओकिनावा बेटांवर केळीच्या तंतूंचे 'बाशोफू' नावाचे वस्त्र विणतात आणि त्या कलेला तेथील सरकारने सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली आहे.

एका अंगणात मी परडी हाती घेऊन पाहत होतो. देवस्थानसाठी तीनशे नग करून मिळतील का, आणि त्यांवर देवाचे चित्र छापता येईल का, असे विचारले. विणणाऱ्या बाईंनी वेणीवरचे लक्ष न काढता उत्तर दिले, "रंग बसत नाही काका, तुटक येतो." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "आणि छापलं तर परडी जुनी झाल्यावर ती उकिरड्यावर कोण टाकेल? आम्ही तर नाही टाकणार." तळीची हकिकत मी त्यांना सांगितलेली नव्हती. त्यानंतर छपाईविषयी मी काही विचारले नाही.

आता हिशेब. कारकुनाला हिशेबावाचून चैन पडत नाही, आणि भलत्या आशेवर ठराव होऊ नये असेही मला वाटते. एका खोडातून वाळलेला धागा शंभर-दोनशे ग्रॅमच्या घरात निघतो. एका परडीला दोन खोडे धरली, तर तीनशे परड्यांना सहाशे खोडे लागतील. पाच फुटांवर पाच फूट अशी लागवड धरली तर एकरात सतराशे बेचाळीस झाडे बसतात. म्हणजे आपला सारा उत्सव मिळून तेथील एकराचा जेमतेम तिसरा हिस्सा साफ होईल. जिल्ह्याच्या केळीपुढे हे प्रमाण नगण्य आहे. तापी त्याने स्वच्छ होणार नाही, कुंडी भंडाऱ्यात एक घागरही वाढणार नाही. हस्तकलेच्या वस्तूंविषयी बोलताना लोक फार मोठाले शब्द वापरतात, ते मी मुद्दाम टाळतो.

मग करावयाचे कशाला? माझ्या मते दोन कारणे पुरेशी आहेत. तीनशे परड्यांची मजुरी त्या अंगणात पोहोचते आणि सहाशे खोडांना नाल्याखेरीज दुसरी वाट मिळते, हे एक. तीनशे न कुजणाऱ्या वस्तू आपल्या घरांत, आणि काही वर्षांनी आपल्या तळीत, येत नाहीत, हे दुसरे. आणि या दुसऱ्यासाठी आपल्याला कोणाच्या उपकाराची अपेक्षा नाही.

बुऱ्हाणपूरहून परतल्यावर एका संध्याकाळी देवळाच्या दारात फुलकारीण अबोलीची फाती गुंफीत बसली होती. कशात गुंफते ते पाहावयास मी वाकलो. केळीच्या सोपटाचा धागा! साठ वर्षे मी त्या फाती श्रींना वाहत आलो आणि धागा कधी पाहिलाच नव्हता. चवथीला माटोळी बांधतो ती तरी कशाची? कांगलां, घागऱ्यो, कवंडळ, तोरिंग, आंबाडे, नारळ-सुपाऱ्यांचे घड, सारे केवणीच्या सालीने बांधलेले. विसर्जनानंतर त्यातले काहीही तळाशी साचून राहात नाही. रानात कोणते फळ कोठे मिळते हे ज्याला ठाऊक, त्यालाच माटोळी सजविता येते. आज ती फळे आपण बाजारातून विकत आणतो, कारण आपल्या डोंगरांवर ती उरली नाहीत. सोपट, केवण, माड, पोफळ यांची विद्या आपल्याकडे होती. ती हातांतून गेली आणि दरपत्रके आली.

काही आक्षेप कानावर आले आहेत, त्यांचा उल्लेख करतो. एक ज्येष्ठ महाजन म्हणाले, की परडी दोन वर्षांत फाटेल, मग देवस्थानची आठवण काय राहिली? मी त्यांना एवढेच म्हटले, की आपण श्रींचा प्रसाद नेतो तो दोन दिवसही राहत नाही आणि तरी कोणी त्याला कमी लेखीत नाही. त्यांना ते पटले असे नाही. ते अजून माझ्याशी या विषयावर बोलत नाहीत, आणि त्यांच्या मताचा मी आदर करतो. दुसरा आक्षेप किमतीचा. परडी ॲक्रिलिकपेक्षा महाग पडेल, हे खरेच आहे. पुष्पगुच्छ, शाल आणि चकचकीत कागदाचे वेष्टन वगळले तर फरक भरून निघतो, असे खजिनदारांबरोबर बसून मी पाहिले आहे. आकडे समितीकडे दिले आहेत. तिसरा आक्षेप सर्वांत योग्य आहे. केळी आपल्याकडे असताना परडी बुऱ्हाणपूरहून कशासाठी आणावयाची?

आणू नये, हेच माझे उत्तर आहे. पण पहिल्या वर्षी आणावी लागेल, कारण हात तेथे तयार आहेत. पुढील चवथीच्या आधी तेथील दोघी-तिघींना येथे बोलवावे, अग्रशाळेत त्यांची महिनाभर उतरण्याची आणि जेवणाची व्यवस्था करावी, आणि आपल्या कुळावी स्त्रियांनी तसेच कुळागरांत राबणाऱ्या कुटुंबांतील मुलींनी त्यांच्याकडून शिकून घ्यावे. मुलींना मजुरी मिळाली पाहिजे. सेवा म्हणून फुकट काम घेण्याची आपली जी रीत आहे, ती येथे नको. अग्रशाळेच्या खोल्या वर्षातील दहा महिने रिकाम्याच असतात.

दुसरी सूचना तळीची. ती भरते वरच्या डोंगरातील झरीने, आणि झर गेली तीन-चार वर्षे चैत्रातच आटते. कुंडी भंडारा पाहिल्यापासून मला त्या डोंगराकडे नुसते पाहवत नाही. वरची जमीन देवस्थानच्या मालकीची आहे. तिच्यावर उताराला आडवे चर खणावेत, पाणी थांबेल तेथे आपली जुनी झाडे लावावीत, केवण, माटोळीची फळझाडे, आणि दर वर्षी भेटवस्तू स्वीकारणाऱ्या प्रत्येकाने पावसाळ्यापूर्वीची एक सकाळ तेथे द्यावी. परडी हाती देताना त्याला तारीख सांगावी. निमंत्रण छापण्याची गरज नाही. निर्माल्यासाठी तळीपासून दूर एक खड्डा असावा, आणि परड्यांवर श्रींचे नाव किंवा चित्र काही घालू नये. ती कोठून आली हे घेणाऱ्याला ठाऊक असतेच.

तळीतून निघालेली सतरा स्मृतिचिन्हे धुऊन पोत्यात भरून अग्रशाळेच्या माळ्यावर ठेवली आहेत. जाळता येत नाहीत, पुरता येत नाहीत, भंगारात देण्यास मन होत नाही. श्रींचे चित्र खरवडून काढता येईल का, हे पाहण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. दोनांवर प्रयोग केला, एक जमले. ज्या महाजनांना याहून बरी युक्ती सुचेल, त्यांनी पुढील बैठकीपूर्वी सचिवांना कळवावे.

बुऱ्हाणपूरहून आणलेली एक परडी सभामंडपाच्या दाराशी, चौरंगावर ठेवली आहे. जाताना प्रत्येकाने ती हाताळून पाहावी. पाण्यात भिजवून पाहिली तरी चालेल. तिच्या शेजारी तांब्या भरून ठेवला आहे.